आतल्या आत, थोडंसंच

गाडी घ्यायची तर मराठी माणूस दहा जणांना विचारतो. मुलाची शाळा बदलायची तर वीस जणांना. घरातली भिंत पाडायची असली की मात्र एकालाच विचारतो. वास्तुवाल्याला.

वास्तुवाला सांगतो, ही भिंत तुमच्या प्रगतीच्या आड येतेय. इंजिनिअरला विचारलं तर तो कदाचित सांगेल, हीच भिंत वरचे चार मजले धरून उभी आहे. म्हणून त्याला विचारायचंच नाही. शिवाय इंजिनिअर फी मागतो. वास्तुवाला दक्षिणा घेतो, आणि दक्षिणेत घासाघीस करत नाहीत.

दसरा जवळ आला की इमारतीइमारतीत ठोकाठोकी सुरू होते. काय काढलंय, असं जिन्यात विचारून बघा. उत्तर ठरलेलं. ‘काही नाही हो, आतल्या आत, थोडंसंच.’ त्या थोडक्यात बाल्कनी हॉलमध्ये शिरते, ओटा ड्राय बाल्कनीत जातो, दोन बाथरूमची तीन होतात आणि पॅसेजच्या डोक्यावर माळा चढतो.

परवानगी? कसली परवानगी? घर माझं आहे!

घर तुमचं. कॉलम सगळ्यांचा.

गंमत म्हणजे या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा समंजस आहे. मुंबई महापालिकेचा कायदा 1888 चा. त्याच्या 342 व्या कलमात घरातल्या नेहमीच्या दुरुस्तीला मोकळीक आहे. वॉर्ड ऑफिसात तिला टेनंटेबल रिपेअर म्हणतात. गिलावा करा, रंग द्या, फरशी बदला. संडास-न्हाणीची दुरुस्ती करा. नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेचं फिटिंग नवं घाला. छप्परसुद्धा बदला, फक्त होतं त्याच मालाचं घाला. कुणाला विचारू नका.

राज्याचा नगररचना कायदा 1966 चा. त्याचं 43 वं कलमही हेच म्हणतं. इमारतीचं बाहेरचं रूप ज्यानं फारसं बदलत नाही, अशी डागडुजी आणि सुधारणा खुशाल करा. राष्ट्रीय इमारत संहिता तर फॉल्स सीलिंग, पार्टिशन आणि दोन खोल्यांमधलं दारही या मोकळ्या यादीत टाकते. अट इतकीच की इमारतीची मजबुती आणि आगीपासूनची सुरक्षितता बिघडता कामा नये.

मग कायदा अडतो कुठे? घराची लांबी-रुंदी-उंची वाढवलीत तर. कॉलम, बीम किंवा भार पेलणाऱ्या भिंतीला हात लावलात तर. जोतं किंवा जमीन खाली खणलीत तर. पोटमाळा नवा घातलात किंवा होता तो वाढवलात तर. उतरत्या छपराची गच्ची केलीत तर. घराचं दुकान किंवा गोदाम केलंत तर. झालं. कायदा न वाचता चार शहाण्यांना बसवलं असतं तरी त्यांनी हीच यादी काढली असती.

पण शहाण्यांना बसवतंय कोण?

आपल्याकडे उलटी तऱ्हा. ज्याला परवानगी लागत नाही त्यासाठी माणूस घाबरून पाकीट काढतो. ज्याला लागते ते रात्रीत उरकतो. फरशीच्या कामाचं राबिट गोण्यांत भरून खाली आलं की गेटवर कुणीतरी हजर. ‘काम चाललंय का? परमिशन आहे का?’ घरमालकाला 342 माहीत नसतं. विचारणाऱ्याला असतं. अज्ञानाचे पैसे रोख द्यावे लागतात.

आणि कॉलम? तो पीओपीच्या आड फुटतो. त्याचं राबिट जेमतेम दोन गोण्या. तेवढ्यासाठी कोण जिना चढणार?

बेकायदा स्लॅब कधी पडतो, हे सांगायला ज्योतिषी नको. शुक्रवारी रात्री. त्याला जोडून सोमवारची सुट्टी असेल तर फारच उत्तम. गणपती, दिवाळी आणि निवडणूक, या तीन मोसमांत महाराष्ट्रात सिमेंट भराभर सुकतं. मंगळवारी साहेब येतात तोवर वर पाण्याची टाकी चढलेली आणि टाकीखाली कुटुंब राहायला आलेलं. आता तोडणार कसं? माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

आता जरा भिंतीकडे वळू. इथे लोक सर्वात जास्त फसतात.

‘ही साधी विटेची भिंत आहे हो, पार्टिशन.’ असं कोण म्हणतं? मिस्त्री. कशावरून? हातोडीचा आवाज ऐकून. कॉलम-बीमचा सांगाडा असलेल्या इमारतीत तो बहुतेक वेळा बरोबर असतो. तिथे भार सांगाडा पेलतो, विटा फक्त आडोसा करतात. पण जुन्या दोन-तीन मजली इमारतींत अनेकदा सांगाडाच नसतो. तिथे भिंत हाच कॉलम. तीच साधी विटेची भिंत वरच्या बिऱ्हाडाचा ओटा, कपाट आणि आजोबांचा पलंग पेलून उभी असते. हातोडीचा आवाज दोन्हीकडे सारखाच येतो.

नव्या टॉवरमध्ये तिसरीच तऱ्हा. ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब एकत्र ओततात. लोक त्याला मायव्हन म्हणतात. तिथे बहुतेक भिंती काँक्रीटच्याच, आत सळ्या घातलेल्या, आणि भार त्याच पेलतात. दार दोन फूट सरकवायचं म्हणजे सांगाड्यालाच भगदाड पाडायचं. दोन कोटींचा फ्लॅट घेतलेला माणूस हे ऐकून चिडतो. एवढे पैसे मोजून भिंत पाडता येत नाही?

नाही येत. समुद्र दिसतो त्याचे पैसे घेतले होते, भिंतीचे नाही.

दुसरा फसवा प्रकार बाल्कनीचा. बहुतेक बाल्कन्या एका बाजूनेच धरलेल्या असतात, दुसरं टोक अधांतरी. आपण भिंत बांधतो ती नेमकी त्या टोकावर. विटेची साडेचार इंची भिंत घ्या, एक मीटर लांब, तीन मीटर उंच. वजन सहा-सातशे किलो. तीन मीटरच्या बाल्कनीला हिशेब तुम्हीच करा. मग खिडकी, खिडकीला बॉक्स ग्रिल, ग्रिलमध्ये कुंड्या, जुनी सायकल आणि एसीचा बाहेरचा डबा. एवढं झाल्यावर घरधनी कौतुकाने म्हणतो, बघा, सहा फूट जागा फुकट मिळाली.

फुकट काही मिळत नसतं, हे त्याला भाजीवालीने कोथिंबिरीच्या बाबतीत कधीच सांगितलेलं आहे.

फरशीचंही तेच. फरशी बदलायला परवानगी लागत नाही, हे खरं. पण बदलतंय कोण? जुनी उखडायची तर धूळ, राबिट, शेजाऱ्यांची बोलणी. त्यापेक्षा तिच्यावरच दोन इंच माल आणि संगमरवर ठोका. घरातल्या जमिनीवर माणसं, सामान वगैरेंचा भार भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला सुमारे 200 किलो धरलेला असतो. हा नवा थर एकटाच 100 च्या पुढे जातो. म्हणजे पाहुणे यायच्या आधीच निम्मं घर भरलं.

गच्चीवरच्या टाकीचं तर सांगायलाच नको. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. हे चौथीत शिकवतात. चाळिशीत विसरतात.

अतिशयोक्ती वाटते? 2007 मध्ये बोरिवलीची लक्ष्मी छाया इमारत कोसळली. तळमजल्यावर सराफी दुकानाचं नूतनीकरण झालं होतं आणि खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. 2013 च्या सप्टेंबरात डॉकयार्ड रोडची बाबू गेनू मंडईची इमारत पडली. 61 माणसं गेली. तळमजल्यावर मंडप डेकोरेटरचं गोदाम होतं, त्याने आत फेरफार केल्याचं पुढे आलं. 25 जुलै 2017 ला घाटकोपरची साईदर्शन कोसळली. 17 बळी. तळमजल्यावरच्या जुन्या नर्सिंग होमचं काम चालू होतं.

तिन्ही ठिकाणी काम आतल्या आतच चाललं होतं.

बाबू गेनूची इमारत कुणाच्या मालकीची होती, ठाऊक आहे? महापालिकेच्या. राहत कोण होतं? महापालिकेचेच कर्मचारी. स्वतःच्या घराच्या तळमजल्यावर काय चाललंय हे ज्यांना दिसलं नाही, ते तुमच्या सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीवर नजर ठेवून आहेत, असं समजायचं.

बरं, पकडलं गेलं तर शिक्षा काय? 1966 च्या कायद्याचं 52 वं कलम. कैद किमान एक महिना, कमाल तीन वर्षं. माळा घातला म्हणून आत गेलेला माणूस तुमच्या ओळखीत असेल तर कळवा. आणि दंड? किमान 2 हजार, कमाल 5 हजार रुपये. इटालियन टाइलचा एक खोकाही या दंडात येणार नाही. पुढे काम चालूच ठेवलं तर दिवसाला 200 रुपयांपर्यंत.

200 रुपये! मॉलबाहेर पार्किंगला याहून जास्त जातात.

दंडाला कुणी भीत नाही म्हणून सरकारने कर शोधला. मुंबईबाहेरच्या महापालिकांच्या अधिनियमात 267 अ आलं. बेकायदा बांधकाम असेल तर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती. आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही, हेही त्यातच लिहिलेलं. पैसे घेणार, पावती देणार, मान्यता नाही देणार. पिंपरी-चिंचवडकरांनी या शास्तीविरुद्ध किती निवडणुका गाजवल्या! शेवटी 2023 मध्ये ती माफ झाली. ज्यांनी प्रामाणिकपणे भरली होती, त्यांनी मग कपाळ बडवलं.

तोच तर धडा आहे ना? नियम पाळणारा नेहमी आधी पैसे भरतो आणि नंतर मूर्ख ठरतो. गुंठेवारी नियमित करायचा कायदा 2001 चा. 2021 मध्ये त्याची मुदत पुढे सरकवून 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं आत घेतली. 2017 मध्ये नगररचना कायद्यात 52 अ घातलं, त्यात 31 डिसेंबर 2015 पर्यंतची. महाराष्ट्रात 31 डिसेंबरला लोक दोन गोष्टी साजऱ्या करतात. त्यातली दुसरी ही.

मग अर्ज कोण करणार? आज परवानगी मागितली तर नाही म्हणतील. दहा वर्षं थांबलं तर स्वतःहून देतील.

तरी अर्ज करायचाच म्हटलं, तर सोय आहे. नगररचना कायद्याच्या 45 व्या कलमाप्रमाणे 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरता येतं, आराखडा नियमात बसत असेल तर. पण 60 दिवस थांबतं कोण? मिस्त्री सहाव्या दिवशी दुसरी साइट धरतो. गेलेला मिस्त्री परत येणं हे महापालिकेच्या उत्तरापेक्षा दुर्मीळ.

हेच उत्तर कधी कधी वाऱ्यासारखं येतं. 2020 च्या सप्टेंबरात कंगना रनौतच्या पाली हिलच्या कार्यालयाला मुंबई महापालिका कायद्याच्या 354 अ ची नोटीस निघाली. मुदत 24 तास. 9 तारखेला हातोडा पडलासुद्धा. नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने ही कारवाई बेकायदा आणि सूडबुद्धीची ठरवली. दोन वर्षांनी पाळी नारायण राणे यांच्या जुहूच्या ‘अधीश’ बंगल्याची. वाढीव बांधकाम दोन आठवड्यांत पाडा, असं उच्च न्यायालयाने सांगितलं आणि वर 10 लाखांचा खर्च बसवला. बंगला आपल्या लाडक्या सरकारच्या राज्यात सुरक्षित असतो, सरकार बदललं की त्याच्या भिंतीत अनधिकृतपणा उतरतो. ओल उतरावी तसा.

दोन्ही ठिकाणी बांधकाम रातोरात वाढलं होतं का? नोटीस मात्र सवडीने वाढली.

मोठ्यांचं सोडा. झोपडपट्टीत झोपडीच्या उंचीला 14 फुटांची मर्यादा. धारावीपासून मानखुर्दपर्यंत मान वर करून बघा. मर्यादा कुठे दिसते? लोखंडी जिने दिसतात, पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर जाणारे. त्यांचं निदान एक आहे, जागा नाही म्हणून चढले. आपल्या तीन बेडरूमवाल्याला कसली अडचण? त्याला वॉक-इन वॉर्डरोब हवाय.

बिल्डरचं नाव अजून आलं नाही, असं तुम्ही म्हणणारच. घ्या. मुंबईत एके काळी फ्लॉवर बेड नावाची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे मंजूर चटई क्षेत्रात, मोजत नसत. फुलझाडांसाठी होती ती. नकाशात फुलझाडं, जाहिरातीत ‘एक्स्ट्रा स्पेस’, ताब्यानंतर खिडकी चार फूट बाहेर आणि तिथे पलंग. हजारो घरांत या बागेत माणसं झोपली. शेवटी 6 जानेवारी 2012 पासून बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे सगळं मोजायचं ठरलं आणि त्या बदल्यात निवासी इमारतींना प्रीमियम भरून 35 टक्के फंजिबल एफएसआय आला.

फुलं कुणी लावली नव्हती ती नव्हतीच. फक्त प्रीमियम फुलला.

सोसायटी? सोसायटी फार कडक. उपविधीत स्पष्ट आहे, सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय सदस्याने घरात वाढ किंवा फेरफार करायचा नाही. म्हणून सेक्रेटरी अर्ज घेतो, डिपॉझिट घेतो, कामगारांना लिफ्ट बंद करतो, दुपारी दोन ते चार ठोकायचं नाही म्हणून बजावतो. कॉलमला हात लावणार आहात का, हे विचारत नाही. कसं विचारणार? त्याची स्वतःची बाल्कनी केव्हाच आत आलेली असते.

आणि सोसायटीची एनओसी म्हणजे पालिकेची परवानगी नव्हे. पालिकेची असली म्हणून सोसायटीची टळत नाही. ही दोन वाक्यं लोक कोर्टात शिकतात. फी लागते.

15 वर्षं उलटलेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी करायचं, तिशी ओलांडली की दर तीन वर्षांनी. हेही उपविधीतच आहे. ऑडिटर येतो. बीम कुठंय? फॉल्स सीलिंगच्या वर. कॉलम? वॉर्डरोबच्या मागे. मग तो जिना तपासतो, गच्ची तपासतो, पंपाची खोली तपासतो आणि अहवाल देतो. जिना अगदी उत्तम आहे.

मुंबईबाहेर काय? 2020 च्या एकत्रित नियमावलीने 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला मोठी सूट दिली. कागद आणि नकाशा द्या, शुल्क भरा, पावती घ्या, कामाला लागा. लोकांनी ऐकलं काय? आता परवानगी लागत नाही. सामासिक अंतर सोडावं लागतं, नकाशावर जाणत्याची सही लागते, हा भाग बातमीच्या दुसऱ्या परिच्छेदात होता. आणि दुसरा परिच्छेद वाचतो कोण?

खरा हिशेब घर विकताना होतो. गिऱ्हाईक खूश, इसार झालेला. मग बँकेचा व्हॅल्युअर मंजूर नकाशा घेऊन दारात उभा राहतो. ‘यात इथे बाल्कनी दिसतेय. कुठंय?’ हॉलमध्ये सोफ्यावर बसलेल्या चार माणसांना तेव्हा कळतं की ते बाल्कनीत बसलेत. गिऱ्हाईक भाव पाडतं. नाहीतर उठून जातं.

घर नवं असेल तर नुकसान आणखी एक. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी बिल्डरची. तुम्ही भिंत फोडली की तो हात वर करायला मोकळा. भेगा त्याच्या कशावरून, तुमच्या हातोडीच्या कशावरून नाहीत? बिल्डरला निमित्त पुरवायची इतकी घाई बरी नव्हे.

आणि बाथरूम हलवलीत तर खालच्याच्या देवघरात गळती. संडास, मोरी, सिंक यांच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याच्या घरातून गळतंय त्या सदस्याचा, असं उपविधी सांगतात. खालचे काका आयुष्यभर रोज सकाळी जिन्यात भेटतील, हे उपविधीत नाही. तो खर्च वेगळा.

तेव्हा एवढं करा. रंग-फरशी-नळाला कुणी पैसे मागितले तर 342 म्हणा आणि लेखी नोटीस मागा. भिंत, बाल्कनी, माळा, टाकी यांच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला घरी बोलवा, त्याची सही घ्या, मग वॉर्ड ऑफिसात जा. वास्तुवाल्याला हवं तर नंतर बोलवा. आणि 342 चं ते अर्ध्या पानाचं स्पष्टीकरण छापून सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. तिथे गेल्या गणपतीच्या वर्गणीची यादी अजून लटकतेय, ती काढा. त्याला परवानगी लागत नाही.